स्पेनमधली हुकूमशाही कशी गेली? आल्कांतारांच्या घरातून बघूया

स्पेनच्या सरकारी टीव्हीवर एक सिरियल बावीस वर्षं चालली. नाव 'कुएंतामे कोमो पासो', म्हणजे 'सांग ना मला, कसं घडलं ते'. १३ सप्टेंबर २००१ ला पहिला भाग लागला, २९ नोव्हेंबर २०२३ ला शेवटचा, मध्ये चारशेच्या वर भाग झाले आणि या सगळ्यात एकच कुटुंब, माद्रिदमधले आल्कांतारा. आई, वडील, आजी, मुलं, शेजारीपाजारी, पेपरच्या स्टॉलवाला, कोपऱ्यावरचा बार, बस एवढंच. आणि तरी स्पेनचा १९६८ पासूनचा सगळा काळ, म्हणजे फ्रांकोच्या हुकूमशाहीची शेवटची वर्षं, त्याचा मृत्यू, लोकशाही, फसलेलं लष्करी बंड, युरोपात प्रवेश, हे समजून घ्यायला मला तरी याच्याइतकी चांगली वाट सापडलेली नाही. इतिहासाच्या पुस्तकात हा काळ वाचला की नावं आणि पक्षांची आद्याक्षरं डोक्यात गोळा होतात आणि दोन दिवसांत उडून जातात, पण त्या काळी लग्न झालेल्या बाईला बँकेत स्वतःचं खातं उघडायला नवऱ्याची परवानगी लागायची आणि आपल्या समोर स्क्रीनवर घर चालवणारी मेर्सेदेस अशीच एक बाई आहे, हे एकदा लक्षात आलं की विसरता येत नाही.

माझं म्हणणं असं आहे की स्पेनमध्ये राज्य बदललं ते संसदेत उशिरा दिसलं, घरांमध्ये त्याच्या बरंच आधी सुरू झालं होतं, आणि ही सिरियल ते दाखवते म्हणून ती भारी आहे. ते कसं ते सांगते.

आधी मागचं थोडं, भराभर. १९३६ ला स्पेनमध्ये निवडून आलेल्या सरकारविरुद्ध लष्करातल्या काही जनरलनी बंड केलं, तीन वर्षं यादवी युद्ध झालं, १९३९ ला जनरल फ्रांको जिंकला आणि मरेपर्यंत सत्तेवर राहिला, म्हणजे छत्तीस वर्षं. हरलेल्या बाजूचे हजारो लोक युद्ध संपल्यावरसुद्धा गोळ्या घालून मारले गेले, कितीतरी तुरुंगात सडले, कितीतरी देश सोडून गेले. पक्षांवर बंदी, स्वतंत्र युनियनवर बंदी, संपावर बंदी, चर्च आणि सरकार एकमेकांचा हात धरून. चाळीसचं दशक लोकांनी उपासमारीत काढलं, रेशनकार्डं १९५२ पर्यंत चालू होती. मग १९५९ मध्ये सरकारने आर्थिक धोरण बदललं, बाहेरचा पैसा येऊ दिला, पर्यटक येऊ दिले, आणि साठच्या दशकात देशाचं रूप झपाट्याने पालटलं. राजकारण मात्र होतं तिथेच गोठलेलं. सिरियल नेमकी तिथे सुरू होते: हुकूमशहा म्हातारा झालाय आणि सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा चार पैसे खुळखुळतायत.

एप्रिल १९६८, माद्रिदमधली सान खेनारो नावाची वस्ती (ही वस्ती काल्पनिक आहे, पण माद्रिदच्या कडेने अशा वस्त्या तेव्हा खरोखर उगवत होत्या). पहिल्या भागात आल्कांतारांच्या घरी टीव्ही येतो. आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि त्यानंतर कितीतरी वर्षं लोक शेजाऱ्यांकडे जाऊन बघायचे, त्यामुळे घरात पहिला टीव्ही येणं म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्याच महिन्यात, ६ एप्रिलला, लंडनमध्ये युरोव्हिजन गाण्याची स्पर्धा झाली आणि स्पेनची मासिएल 'ला, ला, ला' हे गाणं गाऊन जिंकली. सगळा देश टीव्हीसमोर, सगळे खूष. पण त्या विजयाच्या मागची गोष्ट बघा. हे गाणं आधी जोआन मानुएल सेरात गाणार होता, त्याने ते कातालान भाषेत गायचं म्हटलं, आणि सरकारी टीव्हीने त्याला काढून मासिएलला पाठवलं. फ्रांकोच्या स्पेनमध्ये एकच भाषा 'राष्ट्राची' होती, कातालान, बास्क, गालिसियन या भाषा घरात बोला, जगासमोर नको. म्हणजे एका साध्या गाण्याच्या स्पर्धेत आनंदही खरा होता आणि दडपशाहीही खरी होती, दोन्ही एकाच संध्याकाळी, एकाच पडद्यावर. पुढची सगळी सिरियल याच जातीची आहे, म्हणून हा प्रसंग जरा लांबवून सांगितला.

त्या टीव्हीबद्दल अजून एक. तेव्हा स्पेनमध्ये टीव्ही फक्त सरकारी, चॅनेल दोनच, त्यातलं दुसरं बऱ्याच भागात दिसायचंच नाही. आणि पडद्याच्या कोपऱ्यात कधीकधी एक छोटी शंकरपाळ्यासारखी आकृती यायची. एक आली की चौदा वर्षांखालच्यांनी बघायचं नाही, दोन आल्या की अठराखालच्या सगळ्यांनी उठायचं. त्या काळात वाढलेल्या कुठल्याही स्पॅनिश माणसाला विचारा, त्या दोन आकृत्या दिसल्या की झोपायला पिटाळलं जायचं हे त्याला आठवतंच. सेन्सॉर मंत्रालयात बसला होता खरा, पण त्याचं रोजचं काम घराघरात आईवडील करत होते, तेही कुणी न सांगता.

आता घरातली माणसं. वडील आंतोनियो, सकाळी एका मंत्रालयात शिपाई, दुपारनंतर छापखान्यात. दोन दोन नोकऱ्या करणं तेव्हा इतकं कॉमन होतं की त्याला कुणी वेगळं काही समजत नव्हतं. आई मेर्सेदेस, घरी बसून फुलपँट शिवते, नगावर पैसे मिळतात. तिची आई एर्मिनिया यांच्यातच राहते, जावयाच्या घरी, आणि त्या घराचा कणा तीच. मोठी मुलगी इनेस, मग मुलगा तोनी, आणि धाकटा कार्लोस, आठ वर्षांचा. पुढे मारिया नावाची अजून एक मुलगी होते. सगळी गोष्ट सांगतो तो मोठा झालेला कार्लोस, आवाज कार्लोस इपोलितो या नटाचा. सगळं आठ वर्षांच्या पोराच्या नजरेने बघायचं पण सांगायचं मोठ्या माणसाने, ही युक्ती साधी आहे पण फार कामाची आहे, कारण मुलाला घरात काय कुजबुज चाललीय ते ऐकू येतं पण त्याचा अर्थ कळत नाही, आणि आपल्याला, म्हणजे परदेशातल्या प्रेक्षकालाही, सुरवातीला तेवढंच कळत असतं.

आल्कांतारा मूळचे साग्रियासचे, आल्बासेते प्रांतातलं एक खेडं, हेही काल्पनिक. पन्नास-साठच्या दशकात स्पेनमधली लाखो माणसं अशी खेडी सोडून माद्रिद, बार्सेलोना, बिल्बाओकडे आली, आणि लाखो अजून पुढे फ्रान्स, जर्मनी, स्वित्झर्लंडला गेली, तिथून पैसे पाठवत राहिली. सिरियलमध्ये आंतोनियोचा भाऊ मिगेल फ्रान्सला गेलेला, नंतर परत येतो, आणि येताना सामानाबरोबर एक वेगळी हवा घेऊन येतो, कारण त्याने असा देश बघितलाय जिथे लोक मोठ्याने बोलतात आणि त्यांना काही होत नाही. हे आर्थिक आकडेवारीत येत नाही. बाहेरून आलेल्या पैशाबद्दल सगळे लिहितात, बाहेरून आलेल्या सवयींबद्दल फार कमी.

आणि हप्ते! टीव्ही हप्त्यावर, वॉशिंग मशीन हप्त्यावर, फ्रिज हप्त्यावर, आणि सगळ्यात मोठं स्वप्न म्हणजे सेआत ६००, ती एवढीशी गाडी, जिच्यात आख्खं कुटुंब सामानसुमानासकट बसून समुद्राला जायचं. सरकारचं गणित असं होतं की लोकांना गाडी, टीव्ही, फ्लॅट मिळाला की ते राजकारणाकडे बघणार नाहीत. काही वर्षं ते गणित बरोबर आलंही. पण ज्या माणसाने दोन नोकऱ्या करून मुलाला युनिव्हर्सिटीत पाठवलं त्याचा मुलगा युनिव्हर्सिटीत जाऊन काय शिकणार हे सरकारने धरलंच नव्हतं.

तोनीचं हेच होतं. घरातला पहिला कॉलेजला जाणारा मुलगा, वडिलांच्या सगळ्या कष्टांचं सार्थक, आणि तो तिथे जाऊन पत्रकं वाटायला लागतो, बंदी असलेल्या डाव्या विद्यार्थ्यांच्यात मिसळतो, पोलिसांच्या तावडीत सापडतो. त्या पोलिसांना गणवेषाच्या रंगावरून लोक 'करडे' म्हणायचे. त्याशिवाय राजकीय पोलिसांची वेगळी शाखा होती, माद्रिदच्या अगदी मध्यभागी, पुएर्ता देल सोल चौकातल्या इमारतीत तिचं मुख्यालय, आणि तिथे नेलेल्या पोरांना काय मारायचे याच्या साक्षी पुढे शेकड्याने आल्या. जानेवारी १९६९ मध्ये एन्रिके रुआनो नावाचा कायद्याचा विद्यार्थी पोलिसांच्या ताब्यात असताना सातव्या मजल्यावरून पडून मेला, पोलिस म्हणाले त्याने उडी मारली, कॉलेजं पेटली, सरकारने देशभर आणीबाणी लावली. तोनी याच पिढीचा आहे.

या सगळ्यावर घरातली प्रतिक्रिया काय? आजी एर्मिनिया म्हणजे भीती. तिने युद्ध बघितलंय, त्यानंतरची भूक बघितलीय. राजकारणात पडू नका, खिडकी लावा, हळू बोला. तोनीला तिचा राग येतो, आपल्यालाही थोडा येतो, पण सिरियल तिला कधीच मूर्ख ठरवत नाही आणि हे मला फार आवडतं. हुकूमशाही छत्तीस वर्षं टिकते ती पोलिसांच्या जोरावर टिकतेच, पण त्याहून जास्त ती एर्मिनियासारख्या प्रेमळ माणसांच्या काळजीवर टिकते, ज्यांना फक्त एवढंच हवं असतं की आपली नातवंडं रात्री सुखरूप घरी यावीत. हे काम करणाऱ्या मारिया गालियाना स्वतः १९३५ ला जन्मलेल्या, म्हणजे फ्रांकोच्या राज्याचा पहिला दिवस ते शेवटचा दिवस त्यांनी बघितलेला, आणि नटी म्हणून नाव व्हायच्या आधी वर्षानुवर्षं त्या शाळेत इतिहास शिकवायच्या. बावीस वर्षं त्यांनीच एर्मिनिया केली.

आता मेर्सेदेसकडे येते, कारण माझ्या मते खरी राजकीय गोष्ट तिची आहे. लोक या सिरियलबद्दल बोलतात तेव्हा आंतोनियोबद्दल जास्त बोलतात, इमानोल आरियास हा नट जबरदस्त आहे, आंतोनियोचं ओरडणं, रडणं, नाचणं सगळं लक्षात राहतं, पण बदल किती झाला हे मोजायचं असेल तर मेर्सेदेसकडे बघायचं.

कायदा असा होता. लग्न झालेल्या बाईने नोकरी धरायची, बँकेत खातं उघडायचं, करारावर सही करायची, पासपोर्ट काढायचा, कशालाही नवऱ्याची परवानगी. मुलांवरचा कायदेशीर हक्क वडिलांचा. बायकोने एकदाही परपुरुषाशी संबंध ठेवला तर तो गुन्हा, तुरुंगापर्यंत प्रकरण जाऊ शकायचं; नवऱ्याचा गुन्हा मात्र तेव्हाच धरायचे जेव्हा त्याने बाई ठेवलेली असायची, म्हणजे एका घराला दोन कायदे. घटस्फोट नाही. संततिनियमनाची साधनं विकायला बंदी. लग्न न झालेल्या मुलींना ड्रायव्हिंग लायसन्स किंवा पासपोर्ट हवा तर आधी सरकारी महिला संघटनेकडे काही महिन्यांची 'समाजसेवा' करावी लागायची, त्यात शिवण, स्वयंपाक, बालसंगोपन आणि भरपूर उपदेश.

अशा कायद्याखाली मेर्सेदेस फुलपँट शिवतेय. १९६८ ला ती जे कमावते ते घरखर्चात मुरून जातं, त्याला कुणी कमाई म्हणत नाही, ती स्वतःही म्हणत नाही. मग हळूहळू तिच्या लक्षात येतं की आपला हात चांगला आहे, आपल्याला कापड कळतं, गिऱ्हाईक कळतं. ती मैत्रिणीबरोबर कपड्यांचं दुकान काढते, मेय्नी नाव. आंतोनियोला हे पचायला जड जातं. तो वाईट माणूस नाही, बायकोवर त्याचा जीव आहे, पण त्याला शिकवलंय की घर पुरुष चालवतो, आणि आता बायको हिशेबाची वही पुढ्यात घेऊन बसलीय आणि आकडे त्याच्यापेक्षा भरभर करतेय. पुढे मोठेपणी ती युनिव्हर्सिटीत शिकायला जाते. हे सगळं एका भागात एका भाषणाने होत नाही, ते वर्षानुवर्षं होत राहतं, दोन पावलं पुढे एक मागे, भांडणं, अबोला, परत सुरवात. इतक्या सावकाश दाखवायला बावीस वर्षं चालणारी सिरियलच लागते, दोन तासांत हे बसूच शकत नाही.

आणि तारीख बघा. नवऱ्याच्या परवानगीची अट गेली ती २ मे १९७५ च्या कायद्याने. फ्रांको मेला नोव्हेंबरमध्ये. म्हणजे ही अट हुकूमशाही असतानाच गेली, सहा महिने आधी, कारण मारिया तेलो नावाची वकील आणि तिच्या सोबतच्या बायका वर्षानुवर्षं मागे लागल्या होत्या, आणि कारण तोपर्यंत लाखो मेर्सेदेस प्रत्यक्षात कमवायला लागल्याच होत्या आणि कायदा त्यांच्यापुढे हास्यास्पद दिसायला लागला होता. बाकीचं नंतर आलं: संततिनियमनाची साधनं आणि त्या व्यभिचाराच्या कलमाचा शेवट १९७८ ला, घटस्फोट १९८१ ला, मर्यादित गर्भपाताचा कायदा १९८५ ला. मी सुरवातीला म्हटलं ना की बदल घरात आधी सुरू झाला, ते याच्यावरून. मेर्सेदेस करणाऱ्या आना दुआतोचा जन्म १९६८ चा आहे, गोष्ट सुरू होते त्याच वर्षीचा, म्हणजे ती जवळजवळ तिच्या आईच्या पिढीची भूमिका करत होती.

बरं, आता मोठ्या तारखा, ज्या पुस्तकात असतात. २० डिसेंबर १९७३, माद्रिदची क्लाउदियो कोएयो ही गल्ली. फ्रांकोचा उजवा हात आणि सहा महिन्यांपूर्वीच पंतप्रधान झालेला आडमिरल कारेरो ब्लांको रोजच्यासारखा चर्चमधून परत निघालेला. बास्क प्रदेश वेगळा मागणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या, एटाच्या, लोकांनी रस्त्याखाली बोगदा खणून स्फोटकं पेरली होती. गाडी उडून शेजारच्या इमारतीवरून तिच्या आतल्या अंगणाच्या बाजूला पडली. त्याच दिवशी दहा कामगार नेत्यांवरचा मोठा खटला सुरू होणार होता. फ्रांकोनंतर सगळं असंच चालू ठेवेल असा जो माणूस होता तोच गेला.

मग १९७५ चा नोव्हेंबर. फ्रांको कितीतरी आठवडे मरत होता, रोज डॉक्टरांची बुलेटिनं, ऑपरेशनांवर ऑपरेशनं. २० नोव्हेंबरला सकाळी पंतप्रधान आरियास नाव्हारो टीव्हीवर आला, डोळ्यात पाणी, आणि म्हणाला, "स्पॅनिश जनहो, फ्रांको वारले." आपल्याकडे तेव्हा आणीबाणी चालू होती. तिथे शव बघायला लांबच लांब रांगा लागल्या आणि काही घरांत त्याच वेळी शांपेनच्या बाटल्या उघडल्या गेल्या, खिडक्या बंद करून. मुलांना आठवतं ते एवढंच की शाळेला सुट्टी मिळाली.

यापुढचा भाग लोकांना सगळ्यात कठीण वाटतो, कारण स्पेनमध्ये क्रांती झालीच नाही. कुणी राजवाड्यावर चालून गेलं नाही, कुणाला फाशी दिली नाही. झालं असं की हुकूमशाहीने स्वतःच्याच नियमांनी स्वतःला संपवलं. फ्रांकोने १९६९ मध्येच राजपुत्र हुआन कार्लोसला वारस नेमलं होतं, तो दोन दिवसांत राजा झाला, सगळ्यांना वाटलं आता जुनंच चालू राहणार. जुलै १९७६ मध्ये त्याने आदोल्फो सुआरेझला पंतप्रधान केलं, हा जुन्या व्यवस्थेतच वाढलेला, सरकारी टीव्हीचा माजी प्रमुख. त्याने एक कायदा आणला ज्यात मुक्त निवडणुकीची वाट होती आणि तो फ्रांकोच्याच काळातल्या संसदेकडून पास करून घेतला, १८ नोव्हेंबर १९७६, बाजूने ४२५, विरोधात ५९. म्हणजे त्या सभासदांनी स्वतःच्या खुर्च्या जातील अशा कायद्याला होकार दिला! का दिला? काहींना वाटलं नव्या खेळातही आपल्याला जागा मिळेल, काहींना कळलं होतं की बाहेरचा देश आता हाताबाहेर गेलाय, संप वाढतायत, युरोप दार उघडत नाहीये. डिसेंबरमध्ये सार्वमत झालं, प्रचंड बहुमताने होकार आला.

त्यानंतरचे महिने फार नाजूक होते. २४ जानेवारी १९७७ ला माद्रिदच्या आतोचा रस्त्यावर कम्युनिस्टांशी जोडलेल्या कामगार वकिलांच्या ऑफिसात उजव्या अतिरेक्यांनी घुसून गोळ्या घातल्या, पाच जण मेले. त्यांच्या अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी झाली आणि ती गर्दी शांत राहिली, कम्युनिस्टांनी बदल्याची एकही घोषणा दिली नाही. बऱ्याच लोकांचं मत त्या दिवशी फिरलं. ९ एप्रिलला, ईस्टरच्या आदल्या दिवशी, सुट्टीत सगळे गावाला गेलेले असताना, सुआरेझने कम्युनिस्ट पक्षावरची बंदी उठवली. १५ जून १९७७ ला निवडणूक झाली, १९३६ नंतरची पहिली मोकळी निवडणूक, म्हणजे एर्मिनियाच्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा खरं मत दिलं तेव्हा तिची स्वतःची मुलं मोठी झाली होती. ६ डिसेंबर १९७८ ला नव्या राज्यघटनेला लोकांनी मान्यता दिली.

या काळात आंतोनियो कुठे असतो? तो सुआरेझच्या पक्षाकडे, यूसीडीकडे जातो, सरकारी पदावर बसतो. मंत्रालयात चहापाणी आणि फायली वाहून नेणारा माणूस मंत्रालयात साहेब होतो. आणि त्याचा जुना मालक डॉन पाब्लो ('डॉन' म्हणजे आपलं 'श्रीयुत'), जो फ्रांकोच्या काळात वरच्या लोकांच्या ओळखीवर धंदा करायचा, तोही नव्या काळात पाण्यात साखर विरघळावी तसा मिसळून जातो. मला वाटतं सिरियलमधलं सगळ्यात प्रामाणिक काम या माणसाचं आहे, कारण स्पेनच्या बदलात असे हजारो डॉन पाब्लो होते आणि त्यांना कुणी काही विचारलं नाही.

विचारलं नाही याला कायदेशीर कारणही आहे. ऑक्टोबर १९७७ मध्ये माफीचा कायदा झाला. राजकीय कैदी सुटले, विरोधी पक्षांनीच त्यासाठी जोर लावला होता, पण त्याच कायद्याने जुन्या राजवटीतल्या पोलिसांना आणि अधिकाऱ्यांनाही हात लावता येईना. ज्यांनी मारलं आणि ज्यांनी मार खाल्ला ते दोघं एकाच वस्तीत, एकाच बारमध्ये शेजारी शेजारी कॉफी पीत राहिले. युद्धातल्या सामुदायिक कबरी तशाच मातीखाली राहिल्या, त्यावर पहिला मोठा कायदा २००७ ला आला, फ्रांकोचं शव त्याच्या भव्य स्मारकातून हलवलं गेलं ते थेट २४ ऑक्टोबर २०१९ ला.

आणि १९८१ ची २३ फेब्रुवारी तर सांगितलीच पाहिजे. संध्याकाळी संसदेत नव्या पंतप्रधानासाठी मतदान चालू असताना सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलिसदलाचा अधिकारी तेखेरो हातात पिस्तूल घेऊन आत घुसला, छताला गोळ्या मारल्या, सगळे खासदार ओलीस. व्हॅलेन्सिया शहरात रणगाडे रस्त्यावर. लोक रात्रभर ट्रान्झिस्टरला कान लावून बसले, ज्यांच्या घरी पक्षाची कार्डं, पत्रकं होती त्यांनी ती जाळली किंवा लपवली, एर्मिनियाची सगळी भीती एका रात्रीत खरी ठरते की काय असं झालं. मध्यरात्रीनंतर एक वाजून गेल्यावर राजा लष्करी गणवेषात टीव्हीवर आला आणि बंडाला आपला पाठिंबा नाही असं सांगितलं, दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास तेखेरोने शरणागती पत्करली. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये समाजवादी फेलिपे गोन्सालेझ मोठ्या बहुमताने निवडून आला आणि सत्ता शांतपणे हातोहात गेली.

ऐंशीच्या दशकातल्या मोकळेपणाची किंमतही सिरियल लपवत नाही. इनेस, जिने वस्तीतल्या पाद्रीवर, एउखेनियोवर, प्रेम केलं आणि ज्याने तिच्यासाठी पाद्रीपण सोडून लग्न केलं, ती पुढे हेरॉइनच्या विळख्यात सापडते. स्पेनमधल्या अशाच वस्त्यांतली एक आख्खी पिढी हेरॉइनने आणि नंतर एड्सने खाल्ली, त्या वस्त्यांत मुलांच्या आयांनी त्याविरुद्ध संघटना काढल्या. १ जानेवारी १९८६ ला स्पेन युरोपियन समुदायात (आजचं युरोपियन युनियन) गेला, महामार्ग आले, पैसा आला, पण इनेसचे प्रसंग बघताना त्या महामार्गांचं काही वाटत नाही.

लोकांनी हे सगळं इतकं डोक्यावर का घेतलं? एक तर वेळ. ही सिरियल सुरू झाली तेव्हा काही महिन्यांत पेसेता जाऊन युरो येणार होता, १ जानेवारी २००२ पासून. शेवटच्या पेसेता खिशात असताना लोक पडद्यावर आंतोनियोला पेसेता मोजताना बघत होते. दुसरं, सरकारी टीव्हीचा जुना संग्रह त्यांच्या हातात होता, खरी जुनी फिल्म आणि नवं शूटिंग इतकं बेमालूम जोडलंय की आल्कांतारा त्या खऱ्या गर्दीतच उभे आहेत असं वाटतं. तिसरं, माणसं. पेपरच्या स्टॉलवाला सेर्व्हान झालेला तोनी लेब्लांक हा फ्रांकोच्या काळातल्या सिनेमाचा लाडका विनोदी नट, अपघातानंतर पडद्यापासून लांब गेलेला. साठीतल्या प्रेक्षकाला तो दिसला की स्वतःची तरुणपणीची थिएटरं आठवायची. आणि कार्लोस करणारा रिकार्दो गोमेझ सात वर्षांचा असताना आला आणि २०१८ पर्यंत राहिला, मिसरूड फुटताना, आवाज फुटताना त्याला देशाने बघितलं.

टीका पण आहे आणि ती मला बऱ्यापैकी पटते. एकाच कुटुंबाला इतिहासातली प्रत्येक गोष्ट घडते हे नंतर नंतर ओढूनताणून वाटतं. हुकूमशाहीचा काळ उबदार प्रकाशात, छान गाण्यांत, सुंदर वॉलपेपरच्या पुढ्यात दाखवला की त्याची धार जाते, असं म्हणणारे आहेत. माझं मत असं की पहिल्या काही सीझनमध्ये ही ऊब आणि भीती बरोबर एकत्र येतात, ऊब माणसांची आहे आणि भीती राजवटीची, त्यांची गल्लत होत नाही. नंतरच्या सीझनमध्ये घरातली भांडणंच वाढत गेली आणि बाहेरचा देश मागे पडला. तरी सरकारी चॅनेलवर, आस्नारपासून सांचेझपर्यंत चार पंतप्रधानांच्या काळात, उजव्या आणि डाव्या दोन्ही सरकारांखाली ही चालू राहिली, हे सोपं नव्हतं.

दुसऱ्या देशांनीही ही गोष्ट उचलली आणि ती कुठे कुठे गेली ते बघण्यासारखं आहे. इटलीने केली, आणि पोर्तुगाल, अर्जेंटिना, ग्रीसनेही केली. या शेवटच्या तीनही देशांनी गेल्या शतकात हुकूमशाही भोगलीय: पोर्तुगालची १९७४ ला गेली, ग्रीसमधली लष्करी राजवट त्याच वर्षी, अर्जेंटिनाची १९८३ ला. प्रत्येकाने आपलं कुटुंब, आपला टीव्ही, आपली आजी घातली आणि सांगाडा तसाच चालला.

शेवटचा सीझन फक्त सात भागांचा आहे, एकेक भाग घरातल्या एकेका माणसाचा, आणि त्यात गोष्ट २००१ पर्यंत येते, सिरियल स्वतः सुरू झाली त्या वर्षापर्यंत. सुरू झाली तेव्हा पडद्यावरचा काळ प्रेक्षकांपेक्षा तेहतीस वर्षं मागे होता, संपली तेव्हा बावीस.

बघायची असेल तर आरटीव्हीईच्या, म्हणजे स्पेनच्या त्याच सरकारी टीव्हीच्या, साइटवर जुने भाग आहेत. सगळे चारशे बघायची गरज नाही. पहिले दोन सीझन ओळीने बघा, मग कारेरो ब्लांको, फ्रांकोचा मृत्यू आणि १९७७ च्या निवडणुकीच्या आसपासचे भाग, मग फेब्रुवारी १९८१. स्पॅनिश अजिबात येत नसेल तर आधी पोर्तुगीज किंवा ग्रीक आवृत्ती शोधू नका, मूळच घ्या, कारण एर्मिनियाचा चेहरा बघून निम्मं आपोआप कळतं, आणि उरलेल्यासाठी वरच्या तारखा जवळ ठेवा.